छापून आलंय, म्हणून खोटं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



एके काळी गावात वाद मिटवायचा एक सोपा उपाय होता. 'पेपरात छापून आलंय' असं कुणी म्हटलं, की समोरचा गप्प बसायचा. छापलेल्या अक्षराला वजन होतं. आज तालुक्याच्या गावात कुणी हेच वाक्य उच्चारलं, तर समोरून प्रश्न येतो, 'कुठल्या पेपरात?' पेपरचं नाव सांगितलं, की लगेच निकाल लागतो. 'मग बरोबर आहे. तो अमक्यांचा पेपर. असंच छापणार.' बातमी काय होती, ते ऐकून घ्यायचीही गरज उरत नाही.

आज मी बोलणार आहे ते या अविश्वासाबद्दल. मोठ्या शहरांतल्या मोठ्या दैनिकांबद्दल नाही, तर आपल्या गावात निघणाऱ्या चार पानी साप्ताहिकाबद्दल, जिल्ह्याच्या ठिकाणच्या छोट्या दैनिकाबद्दल, आणि ज्या तालुका पानावर आपल्या नगरपालिकेची बातमी येते त्या पानाबद्दल. मी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात काम करतो. वर्तमानपत्रांचं टेबल माझ्या समोरच आहे. माणसं पेपर कसा वाचतात, ते मी गेली पंचवीस-तीस वर्षं पाहतो आहे.

आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी आधी निधनवार्ता बघतात. मग जाहीर नोटिसा. कुणाची जमीन कोण घेतंय, कुणाच्या भावानं हरकत घेतली आहे, हे तिथं कळतं. या दोन गोष्टींवर सगळ्यांचा विश्वास असतो. गेलेल्या माणसाबद्दल आणि सातबाऱ्यावरच्या गट नंबराबद्दल सहसा कुणी खोटं छापत नाही. त्यानंतर फोटो. व्यासपीठावर कोण कुणाच्या शेजारी बसलं होतं, साहेबांच्या वाढदिवसाच्या जाहिरातीतून यंदा कुणाचा चेहरा गळला, कुणाचा नव्यानं आला. गावचं अर्धं राजकारण त्या शुभेच्छांच्या पानावरून कळतं. बातम्या सर्वांत शेवटी. त्याही वाचायच्या त्या 'ही कुणी लावली असेल' हे ओळखण्यासाठी.

हे 'लावली' क्रियापद पाहा. आपल्या गावांत बातमी 'येते' असं फार कमी वेळा म्हणतात. बातमी लावतात, पेरतात, दाबतात, थांबवतात. सुपारीची बातमी असते, पाकिटाची बातमी असते. हे शब्द दहावीतल्या मुलालाही समजावून सांगावे लागत नाहीत. समाजाचा एखाद्या गोष्टीवरचा विश्वास उडाला, की तो आधी भाषेत दिसतो, तो असा.

आता लोकांचा संशय उगाच आहे का? तर नाही. नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेचंच उदाहरण घेऊ. गावात दोन पेपर, दोन गट. दुसऱ्या दिवशी एकात मथळा असतो, 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न, सर्व विषय एकमताने मंजूर'. दुसऱ्यात असतं, 'प्रचंड गदारोळात सभा गुंडाळली, सत्ताधाऱ्यांची मनमानी'. सभा एकच, सभागृह एकच. पण या दोन्ही बातम्यांत एक गोष्ट सारखी असते. विषयपत्रिकेवर काय काय होतं, ते दोघंही सांगत नाहीत. घरपट्टीची फेरआकारणी होती का? बागेसाठी राखून ठेवलेल्या जागेवरचं आरक्षण उठवायचा ठराव होता का? पाण्याच्या टाकीच्या कामाला मुदतवाढ दिली का? ज्याचा आपल्या घराशी संबंध, ते नेमकं राहून जातं. उरतात ती भाषणं आणि व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं, 'यावेळी प्रामुख्याने उपस्थित होते' या शब्दांनंतरची.

हरकती आणि सूचना मागवणाऱ्या नोटिसांचीही अशीच गोष्ट. कायदा म्हणतो, लोकांना कळवा. मग नोटीस छापायची, पण जो पेपर कुणी वाचत नाही त्यात. कायदाही पाळला आणि कुणाला कळलंही नाही, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते.

हे असं का होतं? पत्रकार वाईट असतात, असं म्हटलं की आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. जरा पैशाचा हिशोब पाहू या. वाचक पेपरसाठी जे पाच-सात रुपये देतो, त्यातून कागद, छपाई आणि विक्रेत्याचं कमिशन एवढाही खर्च नीट भागत नाही. बाकीचे पैसे जाहिरातीतून यायला हवेत. तालुक्याच्या गावी जाहिरात देणार कोण? मोठे कारखाने नाहीत, मोठी दुकानं मोजकी. उरतात नगरपालिका, बाजार समिती, साखर कारखाना, पतसंस्था, शिक्षण संस्था, ठेकेदार आणि वाढदिवसाला शुभेच्छा देणारे कार्यकर्ते. थोडक्यात, ज्यांच्याबद्दल बातमी लिहायची, तेच जाहिरातदार.

आणि बातमी लिहिणारा कोण? तालुका वार्ताहर. त्याला बहुधा पगार नसतो. मानधन असलंच, तर महिन्याच्या पेट्रोलला पुरत नाही. त्याची खरी कमाई म्हणजे त्यानं मिळवून दिलेल्या जाहिरातींवरचं कमिशन. काही ठिकाणी तोच पेपरचा एजंटही असतो, अंकांची अनामत त्यानंच भरलेली असते. दिवाळी आली, १५ ऑगस्ट आला, साहेबांचा वाढदिवस आला, की वरून जाहिरातींचं उद्दिष्ट येतं. सकाळी ज्या नगरसेवकाच्या गटारीच्या कामाबद्दल विचारायचं, दुपारी त्याच्याच दारात पाव पानासाठी उभं राहायचं. अशा माणसानं निर्भीड असावं, अशी अपेक्षा आपण वाचनालयाच्या पंख्याखाली बसून, फुकट पेपर वाचता वाचता करतो.

६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली त्या दिवशी 'दर्पण' सुरू केलं, त्याची ही आठवण. गावोगाव कार्यक्रम होतात. जांभेकरांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि मग पत्रकारांना शाल, श्रीफळ आणि एखादी भेटवस्तू दिली जाते. देणारे कोण? नगराध्यक्ष, सभापती, आमदार. ज्यांना आरसा दाखवायचा, त्यांच्याच हातून आरसेवाल्याचा सत्कार. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, हेच मला जास्त काळजीचं वाटतं.

हा रोग निवडणुकीत किती वाढतो, ते २००९ साली साऱ्या देशानं पाहिलं. महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकीनंतर 'द हिंदू'मध्ये पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं, की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकाच नेत्याचं कौतुक करणारा तोच मजकूर शब्दशः छापून आला होता, वेगवेगळ्या नावांखाली. 'पेड न्यूज' हा शब्द तेव्हापासून आपल्या बोलण्यात रुळला. प्रेस कौन्सिलनं परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांची उपसमिती नेमली. त्यांनी ७१ पानांचा अहवाल दिला. पण २०१० साली कौन्सिलनं तो सबंध प्रसिद्ध केला नाही, ज्यांची नावं होती त्यांना सांभाळून घेतलं. शेवटी माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ साली तो लोकांसमोर आला. वर्तमानपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडून तिचाच अहवाल माहितीच्या कायद्यानं काढावा लागला.

त्याच वर्षी, म्हणजे २०११ च्या ऑक्टोबरात, उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना निवडणूक आयोगानं तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. २००७ च्या निवडणुकीत दोन हिंदी दैनिकांत बातमीच्या वेषात आलेल्या जाहिरातीचा खर्च त्यांनी हिशोबात दाखवला नव्हता. पेड न्यूजच्या कारणावरून पद गमावणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या आमदार. तक्रार कुणी केली होती? त्यांच्याविरुद्ध हरलेल्या उमेदवारानं. फसवणूक झाली होती वाचकाची. बातमी म्हणून जे वाचलं, ती जाहिरात होती. पण वाचक तक्रारीला गेला नाही. त्यानं बहुधा मान हलवली आणि म्हटलं असेल, 'पेपरवाले असेच.'

श्रोतेहो, मला खरं बोलायचं आहे ते या मान हलवण्याबद्दल. आपण समजतो, की आपण फसत नाही, आपण शहाणे झालो आहोत. पण या शहाणपणाचा फायदा कुणाला होतो?

आमच्याच गावातली एक घटना सांगतो. एका स्थानिक साप्ताहिकात बातमी आली, की खालच्या आळीतली पाण्याची जुनी वाहिनी गटाराला लागून जाते, ती गळते आहे आणि शेवटच्या नळांना येणाऱ्या पाण्यात क्लोरीन सापडत नाही. तरुण बातमीदार होता. आरोग्य कर्मचारी करतात तशी ओटी चाचणी त्यानं समोर उभं राहून करून घेतली होती. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल, तर पाणी पिवळं होतं. चार नळांचं पाणी पिवळं झालं नाही, असं त्यानं घरांच्या खुणांसह लिहिलं होतं.

ती बातमी माझ्यासमोरच्या टेबलावर दिवसभर वाचली गेली. दिवसभर चर्चा झाली. पण चर्चा कशाची? 'संपादकाला यंदा पालिकेची जाहिरात मिळाली नाही वाटतं.' 'नाही हो, त्याच्या मेव्हण्याचं टेंडर गेलं.' 'निवडणूक जवळ आली, आता रोज असंच येणार.' कुणी म्हणालं, मागच्या वर्षी याच पेपरात ह्याच पाणीपुरवठ्याचं कौतुक आलं होतं. ते खरंच होतं. प्रत्येक मुद्दा बरोबर होता. फक्त पाण्याबद्दल कुणी बोललं नाही. खालच्या आळीत राहणारेही त्या टेबलाशी होते, त्यांनीसुद्धा घरी जाऊन नळाचं पाणी तपासायला दिलं नाही. पालिकेनं एक चार ओळींचा खुलासा दिला, 'वृत्त राजकीय हेतूने प्रेरित आहे.' लोकांचं तेच मत होतं, त्यामुळे खुलासा लगेच पटला.

महिन्याभरात त्या आळीत काविळीचे रुग्ण निघाले. दहा-बारा घरांत. त्यात शाळेतली मुलं होती. मग रस्ता खणला गेला. वाहिनी बातमीत लिहिली होती, तिथंच फुटलेली होती.

आता त्या संपादकाचा हेतू शुद्ध होता का? मला माहीत नाही. कदाचित जाहिरातीचा राग असेलही. पण हेतू वाईट असला, म्हणून पाणी चांगलं होत नाही. 'ही बातमी कुणी लावली' आणि 'ही बातमी खरी आहे का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण पहिल्याचं उत्तर सापडलं, की दुसरा विचारतच नाही. आणि खुर्चीवर बसलेल्याला हेच हवं असतं. लोकांनी पेपरवर विश्वास ठेवावा, अशी त्याची गरज नसते. लोकांनी कशावरच विश्वास ठेवू नये, एवढं त्याला पुरतं. मग खरी बातमीही खोट्याच्या ढिगाऱ्यात जाते आणि चार ओळींच्या खुलाशावर काम भागतं.

मग विश्वास कमवायचा कसा? कधीच न चुकून? आपल्याच इतिहासात याचं उत्तर आहे. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रं १८८१ च्या जानेवारीत सुरू झाली. आगरकर 'केसरी'चे संपादक, टिळक 'मराठा'चे. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतो आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा मजकूर त्यांनी छापला. त्याला आधार काही पत्रांचा होता. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रं बनावट निघाली. म्हणजे बातमीचा पुरावाच खोटा ठरला. दोघांनी माफी मागितली, तरी १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते सुटले. त्यानंतर या पत्रांवरचा लोकांचा विश्वास उडायला हवा होता. झालं उलटं. सुटून आले, तेव्हा लोक स्वागताला उभे होते.

असं का झालं? कारण लोकांना दिसत होतं, की हे चुकले, पण विकले गेले नाहीत. जे छापलं त्याची जबाबदारी त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. वाचक चूक माफ करतो. आपल्याला विकलं गेलं, हे तो माफ करत नाही. त्यामुळे आजच्या छोट्या पेपरनं मोठेपणा दाखवायची गरज नाही. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' असा शब्द टाकावा. चूक झाली, तर ज्या पानावर बातमी आली, त्याच पानावर दुरुस्ती द्यावी. सभेच्या बातमीत भाषणं कमी आणि विषय जास्त द्यावेत. याला फार पैसे लागत नाहीत.

अविश्वासाचंही काही चांगलं होऊ शकतं, हे आपल्याकडे सिद्ध झालेलं आहे. पुण्याची पत्रं शेतकऱ्यांचं आणि बहुजनांचं दुःख छापत नाहीत, असं वाटलं, तेव्हा कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधू' काढलं. पुढं नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केलं, तेही आपल्यावरच्या अन्यायाला इतर पत्रांत जागा नाही म्हणून. त्यांचाही त्या काळच्या वर्तमानपत्रांवर विश्वास नव्हता. पण ते मान हलवून थांबले नाहीत.

आपण सगळ्यांनीच पेपर काढावा, असं मी म्हणत नाही. पण वाचकाच्या हातात बरंच काही आहे. प्रत्येक पेपरच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि छपाईचा पत्ता असतो. १८६७ च्या कायद्यानं ती सक्ती आली. त्याच्या जागी २०२३ साली झालेला नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, तरी ही जबाबदारी सुटलेली नाही. त्या दोन ओळी एकदा वाचून पाहा. पेपर कुणाचा, हे पानपट्टीवर विचारायची गरज पडत नाही. आणि गंमत अशी, की नाव-पत्ता छापणाऱ्या पेपरवर ज्यांचा विश्वास नाही, तेच लोक मोबाइलवर आलेला बिननावाचा मजकूर दहा जणांना पुढे पाठवतात.

बातमी खोटी वाटली, तर आधी संपादकाला लेखी कळवा. त्यानं दाद दिली नाही, तर प्रेस कौन्सिलकडे जाता येतं. दैनिक किंवा साप्ताहिक असेल, तर प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत. कौन्सिलला दंड करता येत नाही, ती ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. पण छोट्या गावात तेवढ्यानंही फरक पडतो. बातमी खरी की खोटी, हे पडताळायचं असेल, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचं शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. सभेचं कार्यवृत्त मागा. कामाचं मोजमाप पुस्तक मागा. दोन पेपरांच्या दोन मथळ्यांपेक्षा ते एक पान जास्त बोलतं.

याची गरज किती आहे, ते मधल्या काळात दिसलं. राज्यातल्या बऱ्याच नगरपालिकांवर २०२१-२२ पासून प्रशासक होते. नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या त्या थेट २०२५ च्या डिसेंबरात. एवढी वर्षं ना नगरसेवक, ना गदारोळ, ना खेळीमेळी. ठराव मात्र होत होते, बिलं निघत होती. दोन गट भांडत होते, तोवर निदान दोन बाजू कानावर यायच्या. भांडण थांबलं आणि पेपरही शांत झाले. तेव्हा अनेकांच्या लक्षात आलं, की पक्षपाती का होईना, पण विचारणारं कुणीतरी असलेलं बरं.

शेवटी एक विनंती. गावातल्या ज्या पेपरमध्ये थोडं जरी खरं सापडतं, त्याची वार्षिक वर्गणी भरा. ती रक्कम फार मोठी नसते. वाचकांच्या वर्गणीवर पेपरचा जेवढा भार पडेल, तेवढा तो साहेबांच्या वाढदिवसावरून कमी होईल. आणि नव्या नगरपालिकेची पहिली मोठी बातमी तुमच्या वाचनात येईल, तेव्हा ती कुणी लावली, हे जरूर ओळखा. पण तिथं थांबू नका. त्या आळीत जा, नळ उघडा आणि पाणी बघा.